रूढी आहे म्हणता? मग ती सिद्ध करा

तेरावा आटोपतो, बाहेरगावचे पाहुणे परततात आणि घरात जमीनजुमल्याचा विषय निघतो. घर जबलपूरच्या राइट टाउनमधलं असो, शेती पाटणकडची असो की कुंडमच्या बाजूचा एखाद्या गोंड कुटुंबाचा तुकडा असो, एक वाक्य हमखास कानावर येतं : 'आमच्यात मुलींना देत नाहीत.' म्हणणाऱ्याचा सूर असा असतो, की बहिणी पुढे काही विचारत नाहीत. मग फौती नामांतरणाचा, म्हणजे मृताच्या जागी वारसांची नावं चढवण्याचा, अर्ज पटवाऱ्याकडे जातो. त्यात फक्त भावांची नावं असतात आणि पुढे खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीतही, तीच उमटतात.

हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. ते कुणी उच्चारलं तर गप्प न बसता विचारावं : कोणत्या कायद्याने? रूढी असेल तर कुठे नोंदली आहे, कधी पाळली, कोणत्या घरात? भारतीय न्यायालयांचा जुना नियम असा, की रूढीचा आधार जो घेतो त्यानेच ती सिद्ध करायची. ती प्राचीन हवी, अखंड पाळलेली हवी, निश्चित हवी आणि सारासार विचाराला धरून हवी. 'सगळे असंच करतात' हा पुरावा नव्हे.

आधी कोणाला कोणता कायदा लागतो ते पाहू, कारण निम्मी भांडणं याच घोळातून होतात. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी अमलात आला. तो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमाने कायद्यात ज्या बाबींची तरतूद आहे त्या बाबींपुरत्या जुन्या रूढी रद्द झाल्या. तेव्हा या कुटुंबांत वारशाच्या बाबतीत 'आमच्यात' या शब्दाला जवळजवळ काही अर्थ उरलेला नाही, जात कोणतीही असो. मुसलमान कुटुंबांत शरीयतप्रमाणे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो. १९३७ च्या शरीयत कायद्याने शेतजमीन बाजूला ठेवली होती, म्हणून तिथे वकिलाला वेगळं विचारावं. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि त्यात मुलगा-मुलगी सारखेच. अनुसूचित जमातींना मात्र हिंदू वारसा कायदा लागत नाही. कलम २(२) तसं स्पष्ट म्हणतं. खरी गुंतागुंत तिथेच आहे. तिच्याकडे नंतर येऊ.

आणखी एक गैरसमज : 'शेतीचा कायदा वेगळा असतो.' मध्य प्रदेशात तसं नाही. १९५९ च्या भू-राजस्व संहितेचं कलम १६४ सांगतं, की भूमिस्वामीचा हक्क त्याच्या वैयक्तिक कायद्याप्रमाणेच वारसांकडे जातो. घराला जो नियम, तोच शेताला.

आता जबलपूरच्या मराठी घरांविषयी. १७८१ मध्ये इथलं गोंड राज्य सागरच्या मराठ्यांनी जिंकलं, १७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला आणि डिसेंबर १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. काही मराठी घराणी त्या काळातली. पुष्कळ नंतर कचेऱ्या, शाळा, रेल्वे आणि तोफगाड्यांच्या कारखान्याच्या नोकरीनिमित्त आली. इंग्रजी अमदानीत प्रश्न पडू लागला, की या लोकांना वारशाचा कोणता नियम लावायचा? उत्तरेत चालणारी, मिताक्षरा या हिंदू धर्मशास्त्राच्या ग्रंथावर आधारलेली बनारस शाखा, की महाराष्ट्रात चालणारी मुंबई शाखा, जिच्यात नीलकंठभट्टांच्या 'व्यवहारमयूखा'लाही मान होता? फरक लहान नव्हता. पुत्र आणि विधवा नसताना मुलगी वारस ठरली, तर बनारस शाखेत तिला हयातीपुरता मर्यादित हक्क मिळे, मुंबई शाखेत पूर्ण मालकी. १९२० मध्ये मध्य प्रांतातल्या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्याचा असाच वाद, बळवंतराव विरुद्ध बाजीराव, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. तत्त्व असं ठरलं : स्थलांतर करणारं हिंदू कुटुंब आपला कायदा बरोबर घेऊन येतं, आणि त्याने तो सोडून स्थानिक कायदा पत्करला असं म्हणणाऱ्याने ते दाखवून द्यायचं.

याचा आज उपयोग मर्यादित आहे. १९५६ पूर्वीच्या मृत्यूंचे दावे बहुतेक मुदतीबाहेर गेले आहेत. जुन्या मिळकतीची मालकीची साखळी तपासताना मात्र हा मुद्दा अजून निघतो. पण 'पूर्वापार आमच्यात मुलींना काही नाही' असं म्हणणाऱ्या काकांना हे जरूर ऐकवावं, की त्यांच्या पूर्वजांनी महाराष्ट्रातून आणलेला कायदा मुलींच्या बाबतीत देशातल्या बऱ्याच भागांपेक्षा उदार होता. परंपरेच्या नावाने जे सांगितलं जातं ते बहुधा दोन-तीन पिढ्यांची सवय असते.

वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित

हिंदू कुटुंबांत दुसरा प्रश्न मिळकत कोणत्या प्रकारची, हा. वडिलांनी स्वतःच्या पगारातून बांधलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, सारख्या वाट्याचे धनी. हे १९५६ पासूनच आहे. हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती यासाठी लागतच नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

'आजोबांचं घर म्हणजे वडिलोपार्जित, त्यात आमचा जन्मतः हक्क' असं नातवंडं म्हणतात. तेही सरसकट खरं नाही. आजोबांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि ते १९५६ नंतर वारले असतील, तर वडिलांच्या वाट्याला आलेला भाग वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ते स्पष्ट केलं. वडील हयात असताना नातवंडांना त्यात मागण्यासारखं काही नाही. उलट १९५६ पूर्वीच पणजोबांकडून-आजोबांकडून चालत आलेली, कधीच न वाटलेली मिळकत खरी वडिलोपार्जित. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली तेव्हा घराण्यांकडे घरच्या वहिवाटीची जी सीर-खुदकाश्त जमीन राहिली, तीही पुष्कळदा याच सदरात मोडते.

या दुसऱ्या, वडिलोपार्जित प्रकारात २००५ च्या दुरुस्तीने चित्र पालटलं. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी सहदायाद, म्हणजे जन्मतः सहहक्कदार झाली, भावासारखीच. वडील त्या दिवशी जिवंत हवेत का, यावर पंधरा वर्षं उलटसुलट निकाल आले. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी वाद मिटवला : वडील त्याआधी वारलेले असले तरी चालेल. महाराष्ट्राने असा हक्क १९९४ मध्येच दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. आणि तो राज्याचा कायदा असल्याने जबलपूरच्या मिळकतीला लागू नव्हता.

आकड्यांत पाहू. समजा वडिलोपार्जित घर ८० लाखांचं आहे. वडील १९९८ मध्ये वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. जुन्या पद्धतीने आधी वडील, आई आणि दोन मुलगे यांचे चार काल्पनिक वाटे होत. मग वडिलांचा २० लाखांचा वाटा चौघांत वाटला जाई. मुलीला ५ लाख मिळत, भावांना प्रत्येकी २५. आता मुलगीही पहिल्याच वाटणीत बसते. पाच वाटे प्रत्येकी १६ लाखांचे, त्यातला वडिलांचा वाटा पुन्हा चौघांत, म्हणजे प्रत्येकी ४ लाख. शेवटी आई, दोन्ही भाऊ आणि बहीण यांना सारखेच २० लाख. ५ आणि २० मधलं हे अंतर हाच त्या निकालाचा व्यवहारातला अर्थ.

पण २० डिसेंबर २००४ पूर्वी खरी वाटणी झालेली असेल, तर ती उकरता येत नाही. खरी म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली. 'दादांनी तोंडी वाटून दिलं होतं' हे सहसा चालत नाही. त्याला त्या काळच्या सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद होतो. 'तुझ्या लग्नात खर्च केला, सोनं घातलं, तोच तुझा वाटा' हे तर कायद्यात कुठेच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही २०२३ मध्ये म्हटलं, की हुंडा दिल्याने मुलीचा कौटुंबिक मिळकतीतला हक्क संपत नाही.

गोंड बहिणीचा प्रश्न

आता अवघड भाग. मराठी वाचकाला याच्याशी काय देणंघेणं, असं कुणी म्हणेल. पण जबलपूर हा राणी दुर्गावतीचा मुलूख. पतीच्या मागे लहान मुलाच्या नावाने तिने गढा-मंडल्याचं गोंड राज्य चालवलं आणि १५६४ मध्ये अकबराच्या सैन्याशी लढताना ती पडली. त्याच गोंड समाजातल्या मुलीला बापाच्या जमिनीत वाटा आहे की नाही, हे परवापर्यंत धूसर होतं. शिवाय इंग्रजी अमदानीत गडचिरोली-चंद्रपूरचा भागही जबलपूरसारखाच मध्य प्रांतात होता, त्यामुळे तिथल्या कुटुंबांनाही हीच चर्चा लागू पडते.

१८७५ च्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस लॉज अॅक्टने न्यायालयांना उतरंड आखून दिली होती. वारशाच्या वादात आधी त्या पक्षांची रूढी पाहायची, तीही न्याय आणि सद्विवेकाला सोडून नसेल तरच. मग हिंदू किंवा मुसलमानी कायदा. आणि कुठेच नियम सापडला नाही, तर कलम ६ प्रमाणे 'न्याय, समन्याय आणि सद्विवेक'. हे शेवटचं सूत्र इंग्रजी न्यायपरंपरेतून आलेलं.

छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबात आजोबांच्या जमिनीत आईच्या नावाने वाटा मागणारा दावा १९९२ मध्ये दाखल झाला. खालची दोन न्यायालयं आणि उच्च न्यायालय यांनी तो फेटाळला. कारण काय, तर गोंड मुलीला वारसा देणारी रूढी वादींनी सिद्ध केली नाही. १७ जुलै २०२५ रोजी राम चरण विरुद्ध सुखराम या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि प्रश्नच उलटा केला गेला. मुलीला मिळतं अशी रूढी सिद्ध झाली नाही हे खरं. पण मिळत नाही अशी तरी रूढी कुठे सिद्ध झाली? दोन्ही बाजूंनी पुरावा नसेल, तर १८७५ च्या कायद्यातलं सद्विवेकाचं कलम लागतं. तो कायदा आता रद्द झाला असला तरी आधीच निर्माण झालेला हक्क त्याने जात नाही. आणि आज सद्विवेक ठरवायचा तर संविधानाच्या कलम १४ मधली समानता डावलून कसा ठरवणार? आईच्या वारसांना समान वाटा मिळाला.

मला हा निकाल त्यातल्या पद्धतीसाठी महत्त्वाचा वाटतो. न्यायालयाने हिंदू कायदा आदिवासींवर लादला नाही. त्याने जुन्या प्रांतिक कायद्याची फट संविधानाने भरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं, की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हिंदू वारसा कायदा जमातींना लावता येणार नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचावेत.

म्हणून आदिवासी बहीण दावा करणार असेल, तर 'आम्ही हिंदू सण पाळतो, आम्हाला हिंदू कायदा लावा' यावर सगळी भिस्त ठेवू नये. त्या छत्तीसगडच्या खटल्यातही हा मुद्दा टिकला नव्हता. दाव्यात आधी हे लिहावं, की मुलींना वगळणारी निश्चित आणि अखंड रूढी या कुटुंबात वा गावात नाही. मग समानता आणि सद्विवेक. पुरावा म्हणून जिल्हा अभिलेखागारातून जुन्या बंदोबस्ताच्या मिसली आणि खसरे काढावेत. त्यात विधवांची, मुलींची, घरजावई म्हणून राहिलेल्या लमसेन्यांची नावं जमिनीवर चढलेली सापडली, तर वगळण्याच्या रूढीला तडा जातो. असं एखादं जुनं नाव दहा साक्षीदारांना भारी पडतं.

इथे फुकाचा उत्साह नको. वगळणारी रूढी पुराव्यानिशी सिद्ध झाली तर काय, हा प्रश्न त्या निकालात आलाच नाही. संविधानाचं कलम १३ रूढीलाही 'कायदा' मानतं, तेव्हा मूलभूत हक्कांशी विसंगत रूढी टिकू नये. पण १९९६ मध्ये मधू किश्वर विरुद्ध बिहार सरकार या खटल्यात बहुमताने आदिवासी रूढी सरळ रद्द करायला नकार दिला आणि स्त्रियांच्या उपजीविकेपुरतं संरक्षण दिलं. वैयक्तिक कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीबाहेर ठेवणारा मुंबई उच्च न्यायालयाचा १९५१ चा नरसू अप्पा माळी निकालही अजून वकिलांच्या तोंडी असतो. वाट खुली झाली आहे, सपाट झालेली नाही.

'मुलीला दिली की जमीन जातीबाहेर जाईल' ही भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकण्यावर भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ ने आधीच बंधनं घातली आहेत. विक्रीची चिंता तो कायदा वाहतो. त्यासाठी मुलीचा वाटा कापायचं कारण नाही.

कागद आणि सही

नामांतरणाला लोक निकालाइतकं वजन देतात. ते चूक आहे. खसऱ्यात किंवा नगर निगमच्या करवहीत नाव चढल्याने मालकी मिळत नाही आणि न चढल्याने जात नाही. ती नोंद शेतसारा आणि कर वसुलीसाठी. बँकेतला नॉमिनीदेखील पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, धनी नव्हे. तरीही बहिणींनी पहिल्याच अर्जाच्या वेळी वंशावळीत, म्हणजे इथे ज्याला सजरा म्हणतात त्यात, आपलं नाव आहे का हे पाहावं आणि नसेल तर तहसीलदारापुढे लेखी हरकत द्यावी. वाद खरा असेल तर तहसीलदार मालकी ठरवू शकत नाही. दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा करावा लागतो. जुन्या वस्तीतलं घर नझूलच्या (सरकारी जमिनीच्या) किंवा नगर निगमच्या पट्ट्यावर असेल, तर पट्ट्याची मुदत आणि नूतनीकरण हेही आधी तपासा. मुदत संपलेल्या पट्ट्यावर भावंडं वर्षानुवर्षं भांडतात आणि नूतनीकरणाचा अर्ज कुणीच करत नाही.

भाऊ एकटाच राहतो, एकटाच कर भरतो, एवढ्याने बहिणीचा हक्क बुडत नाही. सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने मानला जातो. मात्र त्याने उघडपणे 'तुझा काही संबंध नाही' असं सांगितलं, तर त्या दिवसापासून बारा वर्षांचं घड्याळ सुरू होऊ शकतं. असं लेखी कळवलेलं पत्र आलं तर ते फाईलला लावून स्वस्थ बसू नका. विक्रीची बोलणी चालू असल्याचं कळलं, तर दाव्याबरोबरच मनाई हुकमाचा अर्ज करा.

आणि सही. राखीपौर्णिमेला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कत्यागाचा कागद ठेवला जातो. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा हक्क सोडायला लावणारा कागद सहसा निरर्थक असतो, कारण जो हक्क अजून आलाच नाही तो सोडणार कसा; पण त्याबद्दल पैसे घेतले असतील तर पुढे तो आडवा येऊ शकतो. वडिलांच्या मागे केलेलं नोंदणीकृत हक्कत्यागपत्र मात्र पक्कं. दबावाखाली सही झाली हे नंतर सिद्ध करणं कठीण, आणि दस्त रद्द करून घ्यायला मुदत तीन वर्षांची. स्वखुशीने सोडायचं असेल तर जरूर सोडावं. फक्त कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर नाही, आणि त्याच दिवशी नाही.

वकिलाच्या फीची अडचण असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

सगळेच दावे कोर्टात जावेत असं मी म्हणत नाही. तडजोडीत रूढीला जागा देता येते. कुलदैवताचे टाक, देव्हारा, नवरात्राची घटस्थापना, श्राद्धपक्ष हे थोरल्या घराकडे राहावं, असं बहुतेक बहिणींनाही वाटतं. मग तसं लिहावं : देव थोरल्याकडे, कुळाचाराच्या खर्चासाठी ठरावीक रक्कम किंवा एक खोली त्याच्याकडे जादा, आणि उरलेल्याचे सारखे वाटे. आधी तोंडी ठरलेल्या व्यवस्थेची नुसती आठवण म्हणून केलेला लेख नोंदवावा लागत नाही; पण त्याच कागदाने हक्क निर्माण होत असतील, तर नोंदणी हवीच. शंका असेल तेव्हा नोंदवलेलं बरं.

शेवटचं स्त्रियांच्या स्वतःच्या मिळकतीविषयी, कारण इथे १९५६ च्या कायद्यातच असमानता आहे. कलम १५ प्रमाणे अपत्यहीन विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिने स्वतः कमावलेलंही पतीच्या वारसांकडे जातं. फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेलं वडिलांच्या वारसांकडे परत फिरतं. २००९ च्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेली, सासरहून हाकललेली आणि माहेरच्या आधाराने शिकून नोकरी केलेली बाई होती. तिची जन्मभराची बचत सासरच्या नातेवाइकांना मिळाली. न्यायालयाला सहानुभूती होती, पण कलमाचे शब्द स्पष्ट होते. यावरचा उपाय आजच करता येतो. साध्या कागदावर मृत्युपत्र लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांनीही तुमच्यादेखत सह्या करायच्या. लाभार्थ्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण उपनिबंधकाकडे करून ठेवली तर पुढे सही खोटी ठरवणं अवघड जातं. मूळ प्रत कुठे ठेवली आहे, हे ज्याला मिळायचं आहे त्याला आणि आणखी एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवा.